बाबांना पाटावरून उठवताना

बाबांना सांभाळणाऱ्या मावशींचा फोन आला तेव्हा मी कॉलेजात प्रोग्रॅमिंगच्या वर्गात लूप शिकवत होते. फोन टेबलावर थरथरायला लागला आणि पहिल्या बाकावरच्या मुली तोंड दाबून हसल्या, कारण वर्गात मोबाइल दिसला की जप्त, हा नियम माझाच. हसा म्हटलं, आणि खडू ठेवून पॅसेजमध्ये गेले.

"ताई, बाबा अजून पाटावरच हायेत," मावशी म्हणाल्या. "भात गार झाला. उठतच नाय."

"अहो, मी निघाले तेव्हा आरती चालली होती!"

"व्हय, पर मधी कुरिअरवाल्यानं बेल वाजवली. मग परत पयल्यापासून सुरू केलं."

बाबांना मी इन्सुलिन देऊन निघाले होते. आरतीपर्यंत आलेत, आता पाच-दहा मिनिटांत पानावर बसतील, असा हिशेब करून दिलं होतं. इन्सुलिन दिल्यावर पोटात अन्न गेलं नाही तर साखर खाली जाते, माणूस आधी घामाघूम होतो, मग बरळतो, मग पडतो. हे सगळं मला पाठ होतं आणि तरीही मी देऊन मोकळी झाले होते.

"साखरेचं पाणी पाजा," मी ओरडले.

"त्वांड मिटून घेतलंय. पूजा व्हायचीय म्हणत्यात."

रिक्षानं घर गाठलं. मावशींनी बाबांच्या ओठांवर बोटानं मध चोळला होता. पेठ तालुक्याकडच्या आहेत त्या, आमच्याकडे दिवसभर बाबांजवळ बसतात, आणि मी घरी नसताना या घराचा सगळा भार त्यांच्यावर. बाबा पाटावर बसलेले, कपाळावर घामाचे थेंब, आणि हातात पळी. मला बघून म्हणाले, "अगं, आलीस? झालंच बघ आता." आणि पुन्हा आचमनाला सुरुवात केली.

बाबांची गोष्ट थोडी सांगायला हवी. ते पंचवटीत गोदाघाटावर उपाध्याय होते. गावोगावची माणसं त्यांच्याकडे यायची. कोणाचं श्राद्ध, कोणाच्या अस्थी, कोणाचा पिंड. सगळं आयुष्य त्यांनी रडणाऱ्या माणसांसमोर पाटावर बसून काढलं. स्वतःच्या घरात एकच नियम होता, पूजा झाल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही. ताप असो, प्रवास असो, माझं लग्न असो. आई गेल्यावर त्यांची आठवण उसवायला लागली. आधी चष्मा, मग माणसांची नावं, मग घरचा रस्ता. एकदा गणेशवाडीत कोणाच्या तरी ओट्यावर बसलेले सापडले, तेव्हा मी त्यांना आणि त्यांच्या देव्हाऱ्याला आमच्या इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये घेऊन आले.

सगळं विसरले, पण पूजा विसरले नाहीत. विसरले असते तर बरं झालं असतं, असं मी देवासमोर उभी राहून म्हटलेलं आहे. मंत्र स्पष्ट, हात स्थिर. पण मध्येच काही आवाज झाला, किंवा त्यांना स्वतःलाच शंका आली की गंध लावलं का नाही, की झालं. पूजेत विघ्न आलं, म्हणजे पहिल्यापासून. पुन्हा आचमन, पुन्हा संकल्प, पुन्हा देवांना स्नान. देव बिचारे न्हाऊन न्हाऊन झिजले असतील. आणि नैवेद्यापर्यंत गाडी येईचना.

त्या दिवशी त्यांच्या गालात ग्लुकोजची जेल पिळून कशीबशी वेळ निभावली. दुसऱ्या दिवशी वर्गात अर्धवट राहिलेला भाग पुरा करायला उभी राहिले. लूप म्हणजे तेच तेच काम पुन्हा पुन्हा करायला लावणारी रचना, हे पोरांना कळलं होतं. प्रत्येक फेरीला एक मोजणी वाढते आणि मोजणी पुरी झाली की लूप संपतो, हेही कळलं होतं. आता त्यातल्या उड्या शिकवायच्या होत्या. म्हणजे फेरी पुरी न करता मध्येच दुसरीकडे जायच्या आज्ञा. ब्रेक म्हणजे लूपच्या बाहेर पड. कंटिन्यू म्हणजे या फेरीतलं उरलेलं सोड आणि पुढच्या फेरीला लाग.

फळ्यावर मी मुद्दाम चुकीचा प्रोग्रॅम लिहिला होता. "बघा," म्हटलं, "मोजणी वाढवणारी ओळ सगळ्यात खाली आहे. कंटिन्यू तिच्या वर आहे. कंटिन्यू आला की प्रोग्रॅम वरूनच मागे फिरतो. मग खालची ओळ केव्हा चालणार?"

"नाहीच चालणार, मॅडम," मागून एक आवाज आला.

"मग मोजणी किती राहणार?"

"आहे तेवढीच."

"मग लूप केव्हा संपणार?"

वर्ग हसला. कधीच नाही, मॅडम. प्रोग्रॅम लटकणार. मीही हसायला तोंड उघडलं आणि माझ्या डोळ्यांसमोर बाबांची पळी आली. मी पाठ फिरवून फळाच पुसत बसले. पुसायचं काही नव्हतं तरी.

घरी येऊन मी युद्धपातळीवर कामाला लागले. दारावरच्या बेलची वायर काढली. सकाळी कुकर बंद, भात पातेल्यात. मिक्सर बंद. वरच्या मजल्यावर फर्निचरचं काम चाललं होतं, तिथे जाऊन मी सुताराला हात जोडले, तो म्हणाला, मॅडम, खिळा काय मुक्यानं ठोकू? माझा नवरा चोरासारखा चवड्यांवर चालायला लागला. मावशी खाणाखुणांनी बोलायला लागल्या. मला वाटलं, कंटिन्यू आणणाऱ्या सगळ्या अटी काढून टाकल्या की फेरी सरळ खालपर्यंत जाईल. कसलं काय! बाहेरचे आवाज बंद झाले, पण आतली शंका बंद करायला वायर कुठे असते? फुलं वाहता वाहता बाबा थबकायचे, हाताकडे बघायचे, आणि "संकल्प केला का मी?" असं स्वतःलाच विचारून मागे जायचे.

डॉक्टरांनी सांगितलं, जेवण समोर आणि पहिला घास तोंडात, तेव्हाच इंजेक्शन. म्हणजे जेवण नाही तर इंजेक्शन नाही. आणि इंजेक्शन नाही तर साखर वर. त्यांच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला एक जखम झाली होती, पाटाच्या कडेनं घासून. ती चिघळायला लागली. डॉक्टर ड्रेसिंग करताना म्हणाले, "साखर अशीच राहिली तर बोट ठेवता येणार नाही. आणि या वयात बोटावर थांबत नाही ते." धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, तसं झालं. माझ्या बापाचा पाय जाणार होता, कारण माझा बाप जेवत नव्हता, कारण त्याची पूजा संपत नव्हती. इतकं साधं आणि इतकं वेड्यासारखं.

भाऊ परदेशात असतो. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर उंटावरून शेळ्या हाकतो. "देव्हाराच काढून टाक ना," म्हणाला. "आउट ऑफ साइट, आउट ऑफ माइंड."

"एक दिवस काढला होता," मी म्हटलं. "रिकाम्या भिंतीसमोर बसले. दुपार टळेपर्यंत. देव कोणी नेले म्हणून रडत होते. ये, तू येऊन काढ."

मग तो म्हणाला, हॅलो, आवाज येत नाहीये. त्याला पाहिजे तेव्हा येत नाही आवाज.

मग जबरदस्ती. कबूल करायला लाज वाटते, पण करून पाहिली. एका सकाळी मी आणि नवऱ्यानं दोन्ही बाजूंनी काखेत हात घालून बाबांना पाटावरून उचललं. अहो, हा ऐंशीकडे झुकलेला, पापडासारखा वाळलेला माणूस, पण त्यांनी असा हिसडा दिला की ताम्हन उलटलं, माझ्या नवऱ्याचा चष्मा गेला. ते ओरडले. मी त्यांचा तसला आवाज जन्मात ऐकला नव्हता. "सोडा! संकल्प सोडलाय मी! सोडा मला!" खालच्या मजल्यावरच्या काकू धावत वर आल्या. त्यांना वाटलं, आम्ही मारतोय म्हाताऱ्याला. आम्ही तसंच त्यांना नेऊन टेबलाशी बसवलं, पान समोर ठेवलं. बाबांनी पानाकडे बघितलं, हात मागे घेतला, आणि हळूच म्हणाले, "नैवेद्य झाला नाही गं. मी कसा जेवू?"

लूपच्या आत लूप असतो तेव्हा ब्रेक फक्त आतल्यातून बाहेर काढतो, बाहेरचा चालूच राहतो. हे मी दरवर्षी शिकवते. दरवर्षी अर्ध्या वर्गाला वाटतं की एका ब्रेकनं सगळंच सुटलं, आणि मी परीक्षेत त्यांचे मार्क कापते. पाटावरून उठवलं, पण उपास कुठे सुटला? बाबा टेबलाशी बसून राहिले आणि मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्यावर डोकं टेकलं. नवरा पाठीवर हात ठेवायला आला तर त्याच्यावरच खेकसले.

पुढचा पाठ उड्या सुरक्षित कशा मारायच्या याचा होता. उडी मारू नका असं मी कधीच शिकवत नाही. ते शिकवणारे बरेच आहेत. मी एवढंच सांगते की बाहेर पडण्याआधी मागे काय उघडं राहिलंय ते बघा. फाइल उघडली असेल तर बंद करा. मेमरी घेतली असेल तर परत द्या. कुलूप लावलं असेल तर काढा. मध्येच रिटर्न, म्हणजे इथूनच परत फिर, असं लिहून पळालात तर तुम्ही सुटाल, पण ते कुलूप तसंच राहील. त्या दिवशी हे बोलता बोलता माझ्या डोक्यात लख्ख पडलं. संकल्प म्हणजे उघडलेली फाइल! बाबा ओरडले ते त्याच्यासाठी. त्यांनी हातावरून पाणी सोडून संकल्प केला होता आणि आम्ही तो बंद न करताच त्यांना ओढलं. पूजा बंद करायची रीत आहे की! आमच्या गणपतीला आम्ही करतो, सत्यनारायणाला करतो. उत्तरपूजा, मग अक्षता टाकायच्या आणि देवाला सांगायचं, आता जा. विसर्जन. उपाध्यायाची मुलगी मी, मला इतके दिवस कसं सुचलं नाही? त्या आनंदात मी वर्ग पाच मिनिटं आधी सोडला.

दुसऱ्या दिवशी बाबा तिसऱ्यांदा मागे फिरले तेव्हा मी शेजारी पाट घेऊन बसले. त्यांच्या तळहातावर अक्षता ठेवल्या आणि अगदी शांतपणे म्हटलं, "बाबा, उत्तरपूजा झाली. विसर्जन करा."

बाबांनी हातातल्या अक्षतांकडे बघितलं. मग माझ्याकडे. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांचे डोळे पूर्ण जागे झाले. मला वाटलं, लागली किल्ली.

"घरच्या देवांचं विसर्जन?" ते म्हणाले. "कोणी शिकवलं तुला? पाहुण्या देवाला निरोप देतात. घरच्या देवांना जा म्हणतात? घर मोडायला निघालीस?"

मी कपाळावर हात मारून घेतला. बरोबर होतं त्यांचं. रोजच्या पूजेत विसर्जन नसतंच. घरचे देव घरात कायमचे बसवलेले, त्यांना कोण घालवतं? लहानपणापासून डोळ्यांसमोर बघितलेली गोष्ट, आणि मी गणपतीचा नियम उचलून घरच्या देव्हाऱ्याला लावला. दुसऱ्या कोणत्या घरात ही चूक झालीही नसती, कारण विसर्जन कशाशी खातात तेच माहीत नसतं. अर्धवट माहिती असणाऱ्यांनीच असले घोळ घालावेत.

बाबांनी देवांची क्षमा मागायला सुरुवात केली. माझ्या अपराधाची. एकदा, पुन्हा, पुन्हा. आता पूजेच्या आधी आणखी एक फेरी वाढली होती, आणि ती मी स्वतःच्या हातानं लिहिली होती. पाणीसुद्धा घेईनात. संध्याकाळ व्हायच्या आत ते पाटावरच एका अंगाला कलंडले.

हॉस्पिटलात सलाइन लावली, साखर आटोक्यात आली, नाकातून नळी घालून अन्न गेलं. नर्सनं विचारलं, "आजी आहेत का घरी? आजोबा सारखं कोणाला तरी विचारतात, पूजेचं पाणी आणलंस का." आजी नाहीत, म्हटलं. अंगठ्याचं टोक काढावं लागलं. डॉक्टर म्हणाले, "आता नीट जेवले तर पाय वाचेल. नाही जेवले तर पुढच्या वेळी मला घोट्यापासून विचार करावा लागेल. घरी नळी ठेवायची का?" बाबांनी झोपेत ती दोनदा उपसून काढली होती. मी नको म्हटलं. नको म्हटलं आणि खाली येऊन औषधांच्या दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. येणारे-जाणारे बघत होते. बघू देत. रडायला नाशकात दुसरी जागा नव्हती माझ्याकडे.

मधल्या काळात एक दिवस कॉलेजात जावंच लागलं, अभ्यासक्रम मागे पडला होता. गोटू राहिला होता. म्हणजे प्रोग्रॅमला एकदम कुठल्याही खुणेच्या जागी नेऊन टाकणारी उडी. सगळ्या पुस्तकांत त्याला शिव्या असतात. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, इतकं वाईट आहे तर ठेवलंय कशाला?"

"सगळे रस्ते बंद झाले की लागतं," मी म्हटलं. "पण त्याचे दोन नियम. चालू लूपच्या मध्येच आत उडी घ्यायची नाही. आणि मागे जायचं नाही, पुढेच जायचं. शेवटाकडे. आवराआवरीच्या जागी."

तिनं ते लिहून घेतलं. मी काय बोलले ते मला त्या वेळी नीट ऐकूही आलं नव्हतं. डोक्यात एकच होतं की बाबांना उद्या घरी सोडणार आहेत आणि परवा सकाळी ते पाटावर बसणार आहेत.

बसलेच. पायाला पांढरी पट्टी, अंगात त्राण नाही, मावशींनी धरून नेलं तरी पाटावर बसल्याबरोबर पाठ ताठ. मी सुट्टी टाकली होती. इंजेक्शन भरून ट्रेमध्ये ठेवलं होतं, आणि भात, वरण, भेंडीची भाजी झाकून. बाबा मागे फिरले. पुन्हा फिरले. ऊन गॅलरीतून खोलीत आलं आणि पाटापर्यंत सरकलं. भात पुन्हा गरम केला. बाबांचा आवाज बारीक होत चालला, पण थांबेना. डॉक्टरांचे ते शब्द माझ्या डोक्यात घुमत होते, घोट्यापासून, घोट्यापासून. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. समजावायचं नव्हतं, ओढायचं नव्हतं, काही काही करायचं नव्हतं. माझ्याकडचं सगळं संपलं होतं. गुडघ्यात डोकं घातलं आणि मोठ्यानं रडले, लहानपणी रडायचे तशी, आवाज करून.

पाणी सोडण्याचा आवाज थांबला.

"अहो बाई," बाबा म्हणाले. "रडू नका. नीट बसा."

मी वर बघितलं. बाबांनी मला उभ्या आयुष्यात कधी अहो म्हटलं नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते, फार मायेनं, आणि मला ओळखत नव्हते. घाटावर समोर येऊन बसणाऱ्या माणसांकडे ते असेच बघायचे.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

काय उत्तर द्यायचं? कोणी नाही, हे खरं उत्तर होतं. आई, हेही एक खरं उत्तर होतं. पण माझ्या तोंडून निघालं ते तिसरंच.

"वडील," मी म्हटलं.

दारात मावशींच्या हातातला पेला खाली पडला.

"अरेरे," बाबा म्हणाले. "केव्हा?"

"कळलंच नाही, गुरुजी. हळूहळू गेले."

"आजारी होते?"

"हो."

"शेवटी जेवत होते का नीट?"

"नाही," मी म्हटलं. "तेच तर. काही केल्या जेवत नव्हते."

त्यांनी मान हलवली. "भाऊ नाही का तुम्हाला?"

"आहे. लांब असतो."

"मग तुम्हीच करायचं. मुलगी काही कमी नसते." मग सरावानं विचारलं, "गोत्र?" मी सांगितलं. "वा, आमचंच. वडिलांचं नाव?"

मी त्यांचंच नाव सांगितलं.

"घाटावरचे ना?" म्हणाले. "ऐकलंय मी. बरा माणूस होता, असं म्हणायचे." मग जेवणाच्या टेबलाकडे नजर गेली. "स्वयंपाक झालाय. आणि श्राद्धाला जेवायला ब्राह्मण कोण आहे?"

"कोणीच मिळालं नाही, गुरुजी."

"मग मी बसतो." त्यांनी देव्हाऱ्याकडे वळून हात जोडले. "यजमान खोळंबलेत. यांचं कार्य आधी, आपलं नंतर. आटोपून येतो." आणि दोन्ही हात जमिनीवर टेकून बाबा आपले आपण पाटावरून उठले.

मी धावत जाऊन पान वाढायला लागले तर त्यांनी हात आडवा केला. "आधी कावळ्याचं पान ठेवा बाहेर. तो शिवला की मग मी घास घेईन."

मावशींनी माझा दंड धरला. "ताई, नका," त्या कुजबुजल्या. "जित्या माणसाचं असं नाय करू. लय वंगाळ असतंय." मला माहीत होतं. जिवंत माणसाच्या नावानं कावळ्याला पान ठेवत नाहीत. वैऱ्याच्यासुद्धा ठेवत नाहीत. मी दंड सोडवून घेतला आणि गॅलरीच्या कठड्यावर भात ठेवला, वर वरण, थोडी भाजी.

आमच्या इंदिरानगरात कबुतरं मोप. एक आलं, त्याला मी हाकललं. दुसरं आलं. समोरच्या पाण्याच्या टाकीवर एक कावळा बसला होता, मान वाकडी करून बघत होता, हलत नव्हता. आत बाबा हात धुऊन, पानासमोर, पाय पुढे घेऊन बसलेले. कावळा शिवत नाही तेव्हा गेलेल्या माणसाचं काहीतरी राहून गेलेलं असतं, ते पुरं करू असं कबूल करावं लागतं. घाटावर मी शंभरदा ऐकलंय. लोक रडत रडत कबूल करतात, पोरीचं लग्न करू, भांडण मिटवू. मी कठड्याला घट्ट धरलं आणि माझा जिवंत बाप आत ऐकतोय हे माहीत असताना त्या कावळ्याला म्हटलं, "बाबा, तुम्हाला परत कधी ओढून उठवणार नाही. शप्पथ. या हो. या ना."

तो आला. भातानं चोच भरून घेतली आणि उडाला. मी दाराची चौकट धरून आत आले.

बाबांनी पहिला घास घेतला तेव्हा मी बाजूनं त्यांच्या दंडात सुई टोचली. त्यांनी लक्षच दिलं नाही.

"खीर नाही?" त्यांनी मध्येच विचारलं.

"गोड चालत नव्हतं त्यांना."

"मग बरोबर आहे. त्यांना जे चालायचं तेच वाढावं." त्यांनी भात पुन्हा मागितला. वरण मागितलं. भेंडी आवडली म्हणाले. किती महिन्यांनी मी त्यांना बोटं चाटताना बघत होते. मावशी पदरानं डोळे पुसत होत्या आणि माझ्याकडे बघायचं टाळत होत्या. मी वाढत होते. हात धुवायला पाणी दिलं, टॉवेल दिला. बाबांनी तृप्तीचा ढेकर दिला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"आता रडायचं नाही," म्हणाले. "तुमचे वडील पोटभर जेवले."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी इंजेक्शन भरलं, पान वाढून ठेवलं, कावळ्यासाठी भात वेगळा काढला. मग बाबांच्या पाटासमोर जाऊन बसले आणि म्हटलं, "गुरुजी, आज माझ्या वडिलांचं श्राद्ध आहे. जेवायला याल का?"